घरशाळा जरूर करा, पण अभ्यासक्रम खोक्यातून नको

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवणाऱ्या आईवडिलांबद्दल मला आदर वाटतो. नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत काढूनही मी हे म्हणते. एका वर्गखोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळताना एखाद्या मुलाचं नेमकं कुठे अडलंय हे दिसत असतं, पण त्याच्याजवळ बसायला वेळ मिळत नाही. ही खंत प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला येते. घरी एक मूल आणि एक मोठं माणूस समोरासमोर बसतात तेव्हा तो वेळ हाताशी असतो. घरशाळेचं खरं बळ हेच आहे आणि ते फार मोठं आहे.

मी निवृत्त झाल्यापासून नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतले काही पालक सल्ल्यासाठी येतात. मूल सहा-सात वर्षांचं असतं, शाळा सोडण्याचा निर्णय झालेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "बाई, यातला कुठला करिक्युलम घेऊ?" मोबाइलवर चार-पाच परदेशी संचांची पानं उघडी असतात. एकात वर्षभराची पुस्तकं, कार्यपुस्तिका, मणी, तक्ते आणि आईनं कुठल्या दिवशी कुठलं वाक्य बोलायचं हे सांगणारी सूचनापुस्तिका, असं सगळं एका खोक्यात येतं. दुसऱ्यात रोजचे व्हिडिओ असतात. किंमत डॉलरमध्ये, वर पाठवणावळ आणि जकात. आईच्या चेहऱ्यावर दिसते ती धास्ती: चुकीचा संच घेतला तर मुलाचं वर्ष जाईल.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. मराठी बोलणाऱ्या घरात चौथीपर्यंतच्या घरशाळेचा कणा मराठी पाठ्यपुस्तकांचा असावा. शिकवण्याची पद्धत जगात जिथे चांगली मिळेल तिथून घ्यावी, त्यात संकोच नको. पण मजकूर, म्हणजे ज्या गोष्टी, ज्या वस्तू, जी मापं, जी माणसं घेऊन मूल शिकणार, तो मुलाच्या भाषेतला आणि परिसरातला हवा. मजकूरही बाहेरून आणला की सहा वर्षांच्या मुलाला विषय समजून घ्यायचा असतो आणि त्याच वेळी एक अनोळखी देशही समजून घ्यायचा असतो.

हे संच वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्यामागे मोठी मेहनत आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेनं १९०६ साली टपालानं धडे पाठवायला सुरुवात केली आणि शाळेपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांची सोय झाली. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेनं सांगितलं की लहान मुलांचे धडे छोटे असावेत, त्यांच्या हातात जिवंत भाषेतली पुस्तकं द्यावीत, वाचलेलं त्यांच्याच तोंडून सांगून घ्यावं आणि रोज त्यांना घराबाहेर न्यावं. जॉन सॅक्सन हवाई दलातून निवृत्त झाल्यावर अमेरिकेत गणित शिकवू लागले. मुलं शिकलेलं विसरतात हे पाहून त्यांनी रोज थोडं नवं आणि पुष्कळ जुनं अशा बेताची पुस्तकं लिहिली. सिंगापूरनं १९८० च्या दशकात आपली स्वतःची गणिताची पुस्तकं घडवली, तीच पुढे अमेरिकेतल्या घरशाळांत पोचली. जॉन होल्ट या अमेरिकन लेखकाचं म्हणणं तर असं की ठरीव अभ्यासक्रमच नको, मुलाच्या कुतूहलामागून चला. यातला प्रत्येक विचार त्या त्या ठिकाणच्या एका खऱ्या अडचणीतून आला आहे. आपल्या घरातली अडचण तीच आहे का, हे विचारल्याशिवाय त्यांतला एकही घरात आणू नये.

आपल्याकडे हे काम करून दाखवलेल्या माणसांचा आपल्याला विसर पडला आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक भावनगरला माँटेसोरीच्या पद्धतीनं बालशिक्षणाचं काम करत होते, तेव्हा स्वतः मारिया माँटेसोरी भारतात यायच्या होत्या. त्या आल्या १९३९ साली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. माँटेसोरीची साधनं घोटीव, महागडी, खेड्याला न परवडणारी. या दोघींनी त्यामागचं तत्त्व घट्ट धरलं आणि साधनं बदलली. शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं, घरातली भांडी यांतून मोजणं, लावणं, ओळखणं शिकवलं. नंतर कोसबाडला आदिवासी मुलं गुरं चारायला जायची म्हणून शाळेत येत नव्हती, तर शाळाच कुरणावर नेली. सगळ्या परदेशी संचांची जाहिरात वाचून झाली की पालकांनी या दोघींचं काम आठवावं. आपल्याला तेच करायचं आहे, आणि आपल्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधनं आहेत.

पद्धत म्हणजे काय आणि मजकूर म्हणजे काय, हे गणितात सर्वांत स्वच्छ दिसतं. दुसरी-तिसरीच्या मुलाला ५२ वजा २७ उभं मांडून द्या. पुष्कळ मुलं उत्तर ३५ लिहितात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान अंक मोठ्यातून काढायचा एवढंच त्यांनी मनाशी धरलेलं असतं, वर कोण आणि खाली कोण याला त्यांच्या लेखी महत्त्व नसतं. असं मूल चांगलं हुशार असू शकतं, त्याचे पाढे तोंडपाठ असू शकतात. ५२ मधला ५ म्हणजे पाच दशक आहेत आणि त्यांतला एक दशक सोडून दहा सुटे करता येतात, एवढंच त्याला अजून उमगलेलं नसतं.

अशाच एका मुलीच्या हातात मी आइस्क्रीमच्या काड्या दिल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून बांधलेले आणि दोन सुट्या. म्हटलं, यातल्या सत्तावीस मला दे. तिनं दोन गठ्ठे लगेच दिले. मग सात सुट्या काड्या शोधायला लागली, तर दोनच होत्या. थोडा वेळ तिनं काड्यांकडे पाहिलं, मग उरलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "एकाचं रबर काढलं तर चालेल?" त्या प्रश्नात हातच्याची सगळी वजाबाकी आली. त्यानंतर वहीत पाचावर काट मारून चार लिहिणं तिला कुणी शिकवावं लागलं नाही, नुसतं दाखवावं लागलं.

आता अभ्यासक्रमांची तुलना करायची ती या ३५ वरून करा. सॅक्सनच्या धर्तीच्या पुस्तकात नवा पाठ छोटा असतो आणि खाली मागच्या पाठांची सगळी सरमिसळ असते. आज चुकलेली वजाबाकी उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर येते. विसरणाऱ्या मुलाला ही रचना सांभाळून घेते आणि पहिल्यांदाच शिकवायला बसलेल्या आईलाही धीर देते. पण ज्याची कल्पनाच चुकली आहे ते मूल उदाहरणांच्या रांगेत तीच चूक पक्की करत जाण्याचा धोका असतो, तिथे थांबून काड्या काढायचं भान आईला ठेवावं लागतं. सिंगापूरच्या पुस्तकांचा क्रम आधी वस्तू, मग चित्र, मग अंक असा पक्का आहे. दशक फोडून सुटे केल्याशिवाय उभी मांडणी येतच नाही, आणि शाब्दिक उदाहरण आलं की आधी पट्ट्यांची आकृती काढायची, मग क्रिया ठरवायची. प्राथमिक गणितात मला ही पद्धत सर्वांत भक्कम वाटते. मात्र पालक शिक्षक-मार्गदर्शिका न वाचता नुसत्या कार्यपुस्तिका सोडवून घेतात, तेव्हा तिचा जीवच निघून जातो. बालभारतीच्या पुस्तकातही गठ्ठे आहेत, नोटा-नाणी आहेत, समजावणं बरंच चांगलं आहे. कमी पडतो तो सराव, आणि वर्गात पाटीवर शिक्षक अधिक उदाहरणं देतील असं पुस्तकानं गृहीत धरलेलं असतं. घरी पाटीजवळ तुम्हीच आहात. तेव्हा पुस्तक बालभारतीचं ठेवा, वस्तू-चित्र-अंक हा क्रम सिंगापूरकडून घ्या, आणि जुन्याची रोजची उजळणी सॅक्सनकडून. यासाठी एकही खोकं मागवावं लागत नाही.

परदेशी गणिताचा मजकूर जसाच्या तसा वापरला तर काय होतं तेही सांगते. अमेरिकन पुस्तकांत पैसे म्हणजे पेनी, डाइम, क्वार्टर. वजन पौंडात, दूध गॅलनमध्ये, लांबी इंच-फुटांत. पाव म्हणजे काय हे तिथल्या मुलाला क्वार्टरच्या नाण्यावरून चटकन कळतं, आपल्या मुलाला ते नाणं आधी समजावून सांगावं लागतं. त्यापेक्षा पावशेर भाजी, अर्धा लिटर दूध ही त्याच्या रोजच्या कानावरची मापं आहेत. आणि आपल्या जिल्ह्यात तर लासलगावच्या बाजाराचा कांद्याचा भाव रोज क्विंटलमध्ये छापून येतो. शंभर किलोचा क्विंटल घेऊन किलोचा भाव काढायला लावा. तिसरी-चौथीच्या मुलाला भागाकार कशासाठी असतो ते त्यातून कळतं, आणि शेतकऱ्याला किलोमागे किती मिळालं आणि आपण भाजीवाल्याला किती दिले हा पुढचा प्रश्न मूल स्वतःच विचारतं.

संख्यांची नावं हाही निवडीतला मोठा मुद्दा आहे, आणि तो पालकांच्या लक्षात उशिरा येतो. सगळं गणित इंग्रजीतून केलेल्या मुलाला आजीनं सांगितलेले एकोणसत्तर रुपये कळत नाहीत. मराठीतून शिकणाऱ्या मुलालाही ही नावं सोपी नाहीत, एकोणचाळीस ऐकून ४९ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' अशी रीत देऊन ही अडचण हलकी करायचा प्रयत्न झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्यावरून केवढं वादळ उठलं ते आपल्याला आठवत असेल. मला तो प्रयत्न शिक्षकाच्या नजरेनं योग्य वाटला आणि आजही वाटतो, कारण दशक आधी ऐकू आला की मूल तो आधी लिहितं. घरशाळेत वाद घालायला कुणी नाही. काही महिने दोन्ही नावं सोबत म्हणा, मग जुनी नावं आपोआप रुळतात. कुठलाही परदेशी संच या अडचणीबद्दल एक ओळसुद्धा सांगणार नाही, कारण ती अडचण त्यांची नाहीच.

वाचनाचंही तसंच. इंग्रजी वाचायला शिकवण्यासाठी ध्वनींचे कार्यक्रम मोठ्या बारकाईनं बांधावे लागतात, कारण त्या भाषेत अक्षर एक आणि उच्चार अनेक. जॉली फोनिक्ससारख्या कार्यक्रमात ४२ ध्वनी एका क्रमानं येतात, तो क्रम चांगला आहे, आणि इंग्रजी वाचायला शिकवायची वेळ येईल तेव्हा तेवढी एक गोष्ट खुशाल विकत घ्या. मराठीत मुळाक्षरं, काना-मात्रा-वेलांटी बसली की मूल न शिकवलेला शब्दही वाचतं. अडतं ते जोडाक्षरांपाशी. म्हणून घरात मराठी वाचन आधी पक्कं होऊ द्यावं आणि इंग्रजी तोवर ऐकण्या-बोलण्यात ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. एका भाषेत अर्थासाठी वाचायला लागलेलं मूल दुसऱ्या भाषेत ते कसब घेऊन जातं. दोन्ही भाषांत नुसता उच्चार करणारं मूल मात्र चौथीत गेल्यावर परिच्छेद वाचून त्यात काय होतं ते सांगू शकत नाही, आणि हे घरात फार उशिरा कळतं.

वाचायला काय द्यायचं, हा प्रश्न नाशिककरांनी विचारू नये. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय गावात आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही ई-बालभारतीवर फुकट आहेत, एनसीईआरटीच्या तशाच. एवढं सगळं समोर असताना डॉलर मोजायची घाई का?

परिसर अभ्यास हा तर घरशाळेचा हक्काचा विषय. बालभारतीनं तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्हावार काढली, नाशिक जिल्ह्याचं त्यात वेगळं होतं. ते हातात घेऊन बाहेर पडा. पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्याबद्दल तिनं अभिमानानं लिहवून घेतलेला. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याच्या जावयानं दिलेल्या दानांची नोंद आहे. आठ वर्षांच्या मुलाला सनावळीत रस नसतो, पण एका आईनं मुलाचं कौतुक दगडात कोरवून घेतलं हे ते घरी जाऊन चार जणांना सांगतं. नांदूरमधमेश्वरला थंडीत पाहुणे पक्षी येतात, ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा घातला, पाणी पसरलं, गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. नदी, माणसाचं काम आणि निसर्ग यांची ही साखळी कुठल्याही परदेशी विज्ञानसंचात इतकी उघडी दिसणार नाही. त्या संचांत ऋतूंच्या पाठात पानगळ आणि बर्फ असतो. आपल्या मुलाला इगतपुरीचा पाऊस आणि सिन्नरचा कोरडेपणा एकाच जिल्ह्यात का, हे कळणं अधिक मोलाचं आहे.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. सहली म्हणजे अभ्यास नव्हे. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचे, भेळ खायची आणि परत यायचं, यातून फारसं काही उरत नाही. परत आल्यावर मुलानं पाहिलेलं सलग सांगितलं पाहिजे, आपण मध्ये न बोलता ऐकलं पाहिजे, आणि मग त्यानं जमेल तेवढं लिहिलं पाहिजे. पहिलीतलं मूल एक वाक्य लिहील, चौथीतलं एक पान. शार्लट मेसन यांच्या पद्धतीतली ही सांगून दाखवण्याची सवय मला जगातल्या सगळ्या महाग साधनांहून अधिक कामाची वाटते, आणि तिला पैसे लागत नाहीत. हरदासांच्या कीर्तनातून घरी आल्यावर आख्यान पुन्हा सांगणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत, तेव्हा ही सवय आपल्याला परकीही नाही.

तरीही एखादा तयार कार्यक्रम घ्यायचाच असेल, तर तो पारखण्याच्या काही रीती आहेत. नमुन्याचा पहिला पाठ बघू नका, पहिला पाठ सगळ्यांचाच गोड असतो. पुस्तकाच्या मधलं पान मागा, तिसरीच्या मध्यावरचं, जिथे भागाकार किंवा अपूर्णांक सुरू होतो. तो एक पाठ मुलाला प्रत्यक्ष शिकवून पाहा. मूल चुकलं तर पुस्तक काय सांगतं? पुन्हा तेच करा, एवढंच सांगत असेल तर ते पुस्तक तुमच्या कामाचं नाही. मग शिकवणार कोण ते ठरवा. आई आणि बाबा दोघंही अंबड-सातपूरला कंपनीत पाळीवर असतील आणि मूल आजी-आजोबांजवळ असेल, तर रोज दोन तास इंग्रजी सूचनापुस्तिका वाचून घ्यायचा कार्यक्रम तिथे चालणार नाही. आजोबा ज्या भाषेत शिकवू शकतात तोच तुमचा अभ्यासक्रम. व्हिडिओवर शिकणारं मूल शांत बसतं म्हणून पालकांना बरं वाटतं, पण शांत बसणं म्हणजे समजणं नव्हे. सहा-सात वर्षांच्या मुलाला बोट लावायला वस्तू आणि उत्तर द्यायला माणूस हवा. आणि एकदा गणिताचा एक क्रम धरला की तो दर सहा महिन्यांनी बदलू नका. प्रत्येक मालिकेत हातचा, गुणाकार, अपूर्णांक वेगवेगळ्या वेळी येतात, मध्येच उडी मारली की एखादी पायरी कुठेच शिकवली जात नाही. बाकी विषयांत बदल केला तर एवढं बिघडत नाही.

काही पालक म्हणतात, बालभारतीचीच पुस्तकं वापरायची तर शाळा सोडली कशाला? पुस्तकाचा कंटाळा आणि ते शिकवण्याच्या घाईचा कंटाळा हे दोन वेगळे आहेत. मूल शाळेत बसून कंटाळलं ते बहुतेक वेळा त्या घाईमुळे. पुस्तकांना दोष नाहीत असं मी म्हणत नाही. भाषेच्या पुस्तकातले उतारे तुटक असतात, दोन पानांत गोष्ट संपते, म्हणूनच सोबत पूर्ण पुस्तकं हवीत. २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांत पुस्तकांत वहीची कोरी पानं घालून त्यांचे भाग पाडले होते, तेही मला रुचलं नव्हतं. पण चौथीच्या पुस्तकातला शिवछत्रपतींचा इतिहास किंवा गणितातली क्रमवार मांडणी ही शिक्षकांच्या कित्येक वर्षांच्या अनुभवातून आलेली आहे. ती बाजूला टाकून परक्या मुलखाचा इतिहास आधी शिकवण्यात काही शहाणपण नाही. मूल पुढे शाळेत परत गेलं तर याच पुस्तकांच्या आधारानं वर्गात बसेल, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी स्वतः घरशाळेच्या पालकांसमोर ठेवते. ज्या राज्यात १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींसाठी शाळा काढली, ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पटावर बसणं ही साधी गोष्ट नव्हती. ते मिळवावं लागलं. घरशाळेतलं मूल फक्त आपल्यासारख्याच घरांतल्या मुलांमध्ये वाढलं, आठवड्याला एका सोसायटीच्या हॉलमध्ये भेटणाऱ्या पाच कुटुंबांपुरतं, तर त्याचं शिक्षण अपुरं राहील, मग गणित कितीही चांगलं येवो. म्हणून अभ्यासक्रमाची निवड करताना हाही प्रश्न विचारा: हा कार्यक्रम माझ्या मुलाला कुणाकुणासोबत बसवतो? महापालिकेच्या मैदानावरचा खो-खो, वाचनालय, पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातल्या एखाद्या शाळेशी जोडलेली मैत्री, हे वेळापत्रकात गणिताइतक्याच पक्क्या जागेवर हवं. ज्या कार्यक्रमात मूल दिवसभर एका पडद्यासमोर किंवा एकट्या आईसमोर असेल, तो कितीही नावाजलेला असला तरी मी नको म्हणेन.

आणि इथे सरकारचाही वाटा आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतो, दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून सांगतो, पण घरशाळेचं नाव कुठेच घेत नाही. पालकांसाठी शिक्षेचं कलमही त्यात नाही. याचा परिणाम असा की घरी नीट शिकणारं मूल आणि वीटभट्टीवर राबणारं मूल दोघंही एकाच 'शाळाबाह्य' रकान्यात पडतात. सर्वेक्षणाला आलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेला काय लिहावं ते कळत नाही, आणि पालक दार उघडायला घाबरतात. यामुळे जे मूल खरोखर वंचित आहे त्याच्यावरचं लक्षही विखुरतं. हा घोळ दोघांच्याही हिताचा नाही.

पुढची वाट मात्र बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. महाराष्ट्रात राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेतं, आणि दहावीला शाळेत न जाता बाहेरून बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार मूल मध्येच शाळेत आलं तर त्याला वयानुरूप वर्गात घ्यावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही मुक्त शिक्षणाच्या या पातळ्यांना बळ द्यायला सांगितलं आहे. म्हणून चौथीपर्यंत परीक्षेच्या धास्तीनं महागडा 'मान्यताप्राप्त' परदेशी संच घेण्याचं काहीच कारण नाही. त्या मान्यतेचा आपल्याकडच्या शाळेत दाखला घेताना उपयोग होत नाही. उपयोग होतो तो मूल वाचतं का, लिहितं का, आकडेमोड करतं का, याचा.

१९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच नाशिकमध्ये आहे. घरी बसून शिकणाऱ्या प्रौढांना मान देणाऱ्या या शहरानं घरी शिकणाऱ्या लहान मुलांसाठीही पुढाकार घ्यायला हवा. जिल्हा परिषदेनं आणि महापालिकेच्या शिक्षण विभागानं घरशाळेतल्या मुलांसाठी वेगळी नोंद ठेवावी. शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी वर्षातून दोनदा मुलाशी बोलावं, त्याच्याकडून एक पान वाचून घ्यावं, एक हातच्याची वजाबाकी करून घ्यावी, आणि अडचण दिसली तर पालकांना जवळच्या शाळेतल्या शिक्षकांशी जोडून द्यावं. जवळच्या शाळेनं खेळाचा तास, स्नेहसंमेलन आणि वाचनपेटी या मुलांना मोकळी ठेवावी. यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. शाळेचं पटांगण, वाचनपेटी आणि शिक्षक आजही तिथेच आहेत, आणि पुढचा जून येण्याआधी हे सुरू करता येईल.